अकराव्या कलमाचा खुलासा

सेक्टर ४, भिलई
शनिवार, दि. ९ मार्च १९६३

सौ. पंचफुला कृष्णराव गभणे, बी. एस्सी., हिस

अनेक उत्तम आशीर्वाद. (पतीने पत्नीस आशीर्वाद लिहावेत असा शिष्टाचार आहे. पत्नी दिवंगत असल्यास कोणी कोणास काय लिहावे, याविषयी मजजवळच्या पत्रलेखनाच्या पुस्तकात काहीही नाही. नावामागे 'कै.' लावावे की 'सौ.' ठेवावे, यातही अर्धा तास गेला. तू सौभाग्यवतीच गेलीस, म्हणून 'सौ.' कायम केले आहे.) तुझ्या प्रकृतीची चौकशी करणे आता अप्रस्तुत होईल. माझी प्रकृती ठीक आहे. भाजीत मीठ किती घालावे हे अद्याप निश्चित झालेले नाही, परंतु प्रयत्न चालू आहे. हे पत्र शोक व्यक्त करण्यासाठी लिहिलेले नाही. तुझ्या नावाचा उपयोग करून मी जो एक घोटाळा केला, त्याचा खुलासा तुझ्यापाशी करणे मला आवश्यक वाटते.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी पोलाद कारखान्यातील तुझ्या प्रयोगशाळेतली मथुरा आपल्या घरी आली. मथुरा म्हणजे कॅम्प-१ या कामगार वस्तीतील तेजरामची पत्नी, जिला तू मॅट्रिकनंतर सायन्सला घालायला लावलेस आणि गेल्या वर्षी लोखंडाचे नमुने तपासण्याच्या कामावर लावून दिलेस ती. नवीन लागलेल्या मुलींना जेवणाच्या सुट्टीत तू ज्या चार गोष्टी सांगत असस (केस कसे बांधावेत, काय खाऊन यावे, सासरी काय सांगावे आणि काय सांगू नये), त्या तू एका वहीत लिहून ठेवल्या आहेत, ही माहिती मला तिच्याकडून मिळाली. सोळा वर्षांच्या संसारात ती मला नव्हती. वही पिठाच्या डब्यामागे सापडली. मथुरेचे म्हणणे एवढेच होते की, सहाजणींसाठी वहीच्या प्रती करून द्याव्यात. मी संस्कृतचा शिक्षक. जशीच्या तशी प्रत करणे मला माहीत नाही. तुझी भाषा मला घरगुती वाटली. "उपाशी पोटी पिपेट तोंडात धरू नये, घरच्यांच्या आधी जेवून निघावे, कोणी काही म्हटले तर म्हणू द्यावे" हे वाक्य छापण्यायोग्य आहे काय? मी तेथे "आहार मित असावा" असे केले. (याचा परिणाम म्हणून दोन मुलींनी सकाळचे जेवण सोडले व एक भट्टीच्या खोलीत चक्कर येऊन पडली, पण तो आजचा विषय नव्हे.) अशा रीतीने तुझ्या बावीस पानांची मी एकेचाळीस कलमे केली, शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली आणि वर "कै. पंचफुलाबाई गभणे यांचे विज्ञानक्षेत्रातील भगिनींस मार्गदर्शन" असे शीर्षक घातले.

आता अकरावे कलम. तू बांगड्यांविषयी दीड पान लिहिले होतेस. मी त्याचे एक वाक्य केले: "प्रयोगशाळेच्या सेवेत असताना हात, गळा व कपाळ यांवर कोणतीही बाह्य वस्तू नसावी." वाक्य आजही मला निर्दोष वाटते. मथुरेने मात्र येऊन विचारले की, सेवा कुठे सुरू होते आणि कुठे संपते. मी तिला सांगितले की, कर्मचारी घरातून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत सेवेतच समजला जातो. ती मुलगी तुझ्या शब्दावर इतकी विश्वास ठेवणारी की, त्या दिवसापासून घराच्या कोपऱ्यावरील नळावर हाताला साबण लावून बांगड्या उतरवी, मंगळसूत्र डब्यात ठेवी, कुंकू पुसे, आणि संध्याकाळी त्याच नळावर सर्व पूर्ववत करून सासूसमोर जाई. अकरा दिवस हे सुरळीत चालले.

बाराव्या दिवशी तिच्या सासूचा, म्हणजे ठकूबाईचा, भाऊ पुंडलिक हा काही कामासाठी दुर्गला आला होता. (तो आमगाव स्टेशनवर पॉइंट्समन आहे, गाडी कोणत्या रुळावर घ्यावी हे ज्यांच्या हाती असते, त्यांपैकी एक.) बहिणीला भेटावे म्हणून तो कॅम्पाकडे चालला असता, कामावरून परतणारी मथुरा त्याला रस्त्यात भेटली. मामेसासऱ्याशी सून बोलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तिने डोक्यावर पदर ओढला, वाकून पाया पडली आणि मान खाली घालून उभी राहिली. पुंडलिकाने पाहिले: हात भुंडे, गळा मोकळा, कपाळ कोरे, तोंडातून शब्द नाही. तेजराम ब्लास्ट फर्नेसवर कामाला. मग विचारायचे काय राहिले? मयताच्या घरी माहेरच्या माणसाने एकट्याने जाऊ नये, भावकीसह जावे, अशी त्यांच्याकडे रीत आहे. तो तसाच माघारी फिरला आणि मिळेल त्या गाडीने आमगावला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजरने अकरा माणसे उतरली. कॅम्प-१ च्या वळणापासूनच बायकांनी हंबरडा फोडला. तेजराम रात्रपाळी करून नुकताच आला होता व नळावर आंघोळ करीत होता. रडणे आपल्याच दाराशी येऊन थांबलेले पाहून तो कमरेला गमछा गुंडाळून, अंगावर साबण असतानाच पुढे आला आणि म्हणाला, "कोण मेलं बे मामा?" पुंडलिकाने त्याच्याकडे बघितले, भावकीकडे बघितले, आणि (हे मला तीन वेगवेगळ्या साक्षीदारांनी सांगितले आहे) म्हणाला, "तूच मेला न बे!" रडत असलेल्या एका आत्याबाईंना थांबण्यास आणखी पाच मिनिटे लागली. सुरुवात केल्यावर मध्येच सोडणे अशुभ, असे त्यांचे मत पडले.

येथवर प्रकरण हसण्यावारी गेले असते. परंतु पुंडलिकाने रीतीप्रमाणे मथुरेसाठी पांढरे लुगडे आणले होते आणि ते गडबडीत कोणीतरी ठकूबाईच्याच हाती दिले. तिने ते चुलीत घातले आणि सुनेला सांगितले की, उद्यापासून लॅबोरेटरी बंद. मथुरेची नोकरी अजून कच्ची आहे. आठ दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नाव कमी होते. सहा दिवस उलटल्यावर ही हकीकत माझ्या कानी आली. कलम माझे, पण नाव तुझे. तेव्हा सातव्या दिवशी मी कोट घालून, वही घेऊन कॅम्प-१ मध्ये गेलो.

ठकूबाई दारातच बसून तांदूळ निवडीत होती. तिने मला बसायला सांगितले नाही. "या मास्तर," ती म्हणाली. "तुमची बाई गेली, आमाले बी वाईट वाटलं. पण म्हणून माया पोराले कावून मारून राहिले जी तुमी?" मी तिला अकराव्या कलमाचा हेतू समजावून सांगू लागलो. आम्लाचे थेंब, बर्नरची ज्योत, नमुन्यांची शुद्धता. ती तांदूळ निवडीत राहिली. "तुमी नका सांगू," ती शेवटी म्हणाली. "बाईनं काय लिवलं होतं, ते वाचा."

मी वाचले. दीड पान, तुझ्या अक्षरातले, मोठ्याने, उभ्याने. "बांगड्या टेबलापाशी गेल्यावरच काढाव्यात. साबण लावावा, ओढू नये. रुमालात बांधून डब्याच्या वरच्या पुडात ठेवाव्यात. फाटकाबाहेर पडण्याआधी घालाव्यात, रस्त्यात नव्हे. रस्त्यावर बघणारे पुष्कळ आणि विचारणारे कमी असतात. एखादी पिचली तर घरी सांगण्याआधी त्याच रंगाची आणावी. कुंकू राहू द्यावे. त्यात लोखंड येत नाही. मी माझेच तपासून पाहिले आहे." येथे ठकूबाईचा हात सुपात थांबला. आतून मथुरेच्या हसण्याचा आवाज आला व लगेच बंद झाला. वाचनाच्या ओघात मी पान उलटले आणि पुढचे वाक्यही वाचून गेलो, जे मी कलमांतून पूर्णपणे वगळले होते: "टेबलावर रडू नये. चष्म्यावर वाफ धरते आणि द्रावणाचा रंग केव्हा बदलला ते कळत नाही. रडायचे असल्यास काचेची भांडी धुण्याचे काम मागून घ्यावे. तेथे नळ मोठा असतो." खाली तारीख होती. त्या दिवशी तुला घरी येण्यास उशीर झाला होता आणि मी जेवण थंड असल्याबद्दल तुला चार वाक्ये ऐकवली होती. चारही मला आठवतात. व्याकरणदृष्ट्या ती बरोबर होती.

"हे बाईनं इतकं सोपं लिवलं होतं," ठकूबाई म्हणाली, "मंग तुमी बदललं कावून?" मी वही मिटली. उभाच होतो. तिने पोते सरकवले आणि बसायला सांगितले.

आठव्या दिवशी मथुरा कामावर गेली. तिच्यासोबत ठकूबाईही गेली. आता ती रोज सकाळी फाटकाबाहेर बसते. सुनेच्या बांगड्या आपल्या हाताने उतरवून पदरात बांधून नेते आणि सुटीच्या वेळी येऊन पुन्हा भरते. हे पाहून इतर पाचजणीही आपापल्या बांगड्या तिच्याकडे देऊ लागल्या आहेत. (डब्यातल्या बांगड्यांना वरणाचा वास येतो, हे तुझ्या पद्धतीतील एकमेव न्यून.) फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला हटकले, तेव्हा तिने त्याला त्याच्या सासूचे नाव-गाव विचारले. पुन्हा हटकलेले नाही. एकेचाळीस कलमांच्या सर्व प्रती मी परत मागवल्या व फाडल्या. येथे खुलासा संपतो.

कळावे, लोभ होता तसाच असावा.

तुझा,
कृष्णराव लक्ष्मण गभणे

ता. क. : पत्राचे खरे कारण वर लिहायचे राहिले. मूळ वही मथुरेला द्यावी काय, याबद्दल तुझी अनुमती हवी आहे. रडण्याविषयीच्या पानासह. आजवर अनुमती तू मागत असस व मी देत असे. त्यामुळे विनंतीची शब्दरचना चुकली असल्यास क्षमा असावी.

ता. क. २ : वही आज सकाळीच दिली. तिने तेथेच उभ्याने चार पाने वाचली आणि एका ठिकाणी खूप हसली. कुठे, ते मी विचारले नाही. ते बहुधा माझ्याविषयी असावे.

ता. क. ३ : क्वार्टर तुझ्या नावावर असल्याने ते रिकामे करण्याची मुदत आज संपत आहे. सामान दुर्गला खोलीवर गेले. बाहेर पडताना "झाले का तुझे?" असे एकदा आत विचारून घेण्याची माझी पद्धत आहे. त्याप्रमाणे विचारले, आणि नेहमीइतका वेळ थांबलो. दहा वाजून चाळीस मिनिटांनी दाराला कुलूप लावले व किल्ल्या कार्यालयात परत केल्या.