शिखरस्वराचे श्रेय

३ फेब्रुवारी १९७८, फिलाडेल्फिया

आज पुन्हा ‘ऊ-ऊ’! मी थॅडियस मेब्री, वय सत्तेचाळीस, बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाचा सन्माननीय संचालक — आणि माझे जीवितकार्य काय, तर लव्हॉन क्रूजच्या गाण्याला पाठीमागे उभे राहून ‘ऊ-ऊ’ची साथ करणे! हीच लव्हॉन एके काळी माझ्या वृंदात मागच्या रांगेत उभी असे. आता तिच्या डिस्को-गीतांवर अख्खे शहर नाचते. पोशाख चकचकीत, पापण्या कृत्रिम. मत्सर? छे! केवळ सौंदर्यशास्त्रीय आक्षेप.

४ फेब्रुवारी

आक्षेप नाही. मत्सरच.

९ फेब्रुवारी

नव्या गाण्याच्या अंती एक गगनभेदी स्वर आहे. स्टुडिओच्या रिवाजानुसार तो आधी मी पातळ आवाजात गाऊन ठेवला. गायिकेने ऐकून शिकायचा. मग तिचा ठेवायचा, माझा पुसायचा. लव्हॉनने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी आवाज फाटला! मी अंतःकरणपूर्वक हळहळलो. ओठ मात्र आज्ञेत राहिनात.

“नाही बाई जमत मला. ब्रदर मेब्रींचाच राहू दे,” ती म्हणाली.

“राहू दे,” निर्माता डॉमिनिक म्हणाला. “कोणाला कळतंय!”

१७ एप्रिल

कोणालाही कळलेले नाही. गाणे रेडिओवर अहोरात्र. तबकडीच्या वेष्टनावर माझे नाव सूक्ष्मदर्शकानेही सापडू नये! चर्चच्या भोजनात सिस्टर ओपल कोंबडीची तंगडी नाचवत म्हणाल्या, “काय वरचा सूर लावते हो पोरगी! तुम्हाला लागेल का असला, ब्रदर?”



२ मे

असह्य झाले. लव्हॉनला गाठून सुनावले — स्वर माझा, टाळ्या तुझ्या!

ती आरशासमोर पापण्या उतरवत होती. “मग या ना शनिवारच्या कार्यक्रमात. पुढं, माझ्या शेजारी. सांगते मी सगळ्यांना.”

इतक्या सहज? या स्त्रीला भांडण्याचेही सौजन्य नाही!

६ मे

तिने खरोखर सांगितले. “हा सूर माझा नाही. मला गायला शिकवलं त्या ब्रदर मेब्रींचा आहे!” प्रकाशझोत माझ्यावर. मी मुख उघडले — आतून काहीच निघेना. हवासुद्धा नाही! वादक तीच ओळ घोळवत राहिले. तेव्हा लव्हॉनने माझा हात धरला आणि तो स्वर स्वतः लावला. निर्मळ, अखंड, माझ्याहून दीर्घ.

७ मे

म्हणजे तिला तो येत होता. फेब्रुवारीतही. आवाज फाटत नव्हता, ती मुद्दाम फाडत होती!