पाण्याच्या रांगेत आधी कोण

दादा, आज मी फार संतापले आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्याच जळकोटच्या शाळेत मी लागले आणि दुष्काळात तुमचीच पद्धत चालवतेय. जे मूल सगळ्यात लांबच्या वाडीवरून चालत येईल, त्याने पाणी आधी प्यायचं. गावातली पोरं नंतर, आणि तेव्हा मी तुमची लेक म्हणून शेवटी. लहानपणी मी एकदा रडत मध्येच घुसले, तर तुम्ही दंडाला धरून बाहेर काढलंत. "तू घरची हाईस, तू मागं," एवढंच म्हणालात. घरचं म्हणजे मागचं, हे मला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

तुम्ही असताना लातूर जिल्हा झाला. आता म्हणे त्यातूनही नवा जिल्हा निघणार. त्याच्याच सभेला शाळेचं मैदान दिलं आणि मुलांना पुढे बसवलं. वरून निरोप होता, की बाईंनी हात वर केला की मुलांनी टाळ्या वाजवायच्या. सभेला आलेले पुढारी साहेब माइकवर म्हणाले, नव्या जिल्ह्यात आपल्या माणसाचं आधी, ज्या वाडीनं मतं दिली नाहीत तिनं टँकरची वाट बघत बसावं. लोक हसले. माझा हात, दादा, सवयीने वर गेला.

दुसऱ्या दिवशी पिंपापाशी चौथीतली एक मुलगी वाडीवरच्या पोरीच्या आडवी उभी. "तुमच्या वाडीनं मतं दिली न्हाईत. तू मागं हो." मी ओरडले, तर ती जराही न घाबरता म्हणाली, "बाई, काल सायेबच म्हणले की. आन् तुमीच टाळ्या वाजवा म्हणलाव."

काय चुकलं तिचं? सकाळी प्रार्थनेत आम्ही तिच्याकडून सारे भारतीय माझे बांधव आहेत असं म्हणवून घ्यायचं, आणि संध्याकाळी भोंग्यावर हे असलं ऐकवायचं. नऊ वर्षांच्या पोरीने ढकललं तर ती वाईट वळणाची, आणि साहेबांनी अख्खी वाडी ढकलली तर त्यांच्या गळ्यात हार. लाज कशी वाटत नाही या लोकांना? मी वर्गात सरळ सांगितलं, की साहेब चुकीचं बोलले. दुपारी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. शब्द मागे घ्या, नाहीतर बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी होईल, असं त्यांनीच हळू आवाजात सुचवलं. त्यांचाही नाइलाज असेल. मी घेणार नाही म्हणाले.

आज वाडीवरच्या त्या पोरीला मी स्वतः हात धरून पुढे आणलं. ओठ सुकलेले, पाय धुळीने भरलेले. पेला समोर धरला, तर ती खाली बघत म्हणाली, "मला तहान न्हाई बाई," आणि जाऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

हेडमास्तरांपुढे माझा आवाज चढला होता, तिच्यापुढे फुटलाच नाही. तिची माफी मागायची होती, दादा.