ठशावरचा तडा

४ मार्च १९७४

वेस्टा रिंगर आली. टपालकचेरीतून निवृत्त, वय चौऱ्याऐंशी. जिना न थांबता चढली. रुमालात तांब्याचे एक टोकन — यादवी युद्धातले, सुटे पैसे नाहीसे झाल्यावर दुकानदारांनी स्वतःच पाडून घेतलेले. एका बाजूस सिनसिनाटीच्या झोलर वाण्याचे नाव. दुसऱ्या बाजूस पिसांचा टोप घातलेले मस्तक आणि १८६३. सोड्याने घासून लख्ख केले आहे!

"घासून वीस डॉलरचे दहा केलेत, मिस रिंगर."

"मळकट वस्तू घेऊन लोकांच्या घरी जायची आमच्यात रीत नाही, जज्जसाहेब. आणि विकायचंय कुणाला?"

तिला हवे आहे नाव. कोर्टासमोरचा, युद्धात मेलेल्यांचा स्मृतिस्तंभ मे महिन्यात नव्याने कोरला जाणार. जुन्या दगडावर तिच्या आजोबांचे, अल्फियस रिंगरचे, नाव आहे. पलटणीच्या नोंदीत मात्र केवळ 'बेपत्ता'. बेपत्ता म्हणजे मृत नव्हे, असे समितीचे म्हणणे. मी जुनी नाणी जमवतो, म्हणून निर्णय माझ्यावर सोपवला आहे.

कुटुंबाचे कथन असे : सप्टेंबर १८६३, चिकामॉगाची लढाई. अल्फियस पडला. तुकडीतल्या एका सोबत्याने ते पाहिले, त्याच्या खिशातले हे टोकन काढून घेतले आणि युद्ध संपल्यावर विधवेला आणून दिले.

"वर्ष बघा की. जुळतंय!"

५ मार्च

वर्ष जुळणे हा पुरावा नव्हे. ते ठसा, म्हणजे टोकने पाडायचा पोलादी साचा, कोरल्याचे वर्ष. टोकन पाडल्याचे नव्हे. नवशिके संग्राहक इथेच फसतात.

८ मार्च

भिंगाखाली तडा दिसला. कडेपासून निघून कपाळावरून थेट मानेपर्यंत. ठशालाच गेलेला, म्हणून प्रत्येक टोकनावर उमटलेला.

मस्तकाच्या बाजूचा ठसा अनेक दुकानदारांसाठी एकच वापरत; त्याच ठशाचे, एका टोपीवाल्याचे टोकन माझ्या संग्रहात आहे. त्यावर तडा कपाळाशीच थांबतो. ठशाचा तडा वाढतो, बुजत नाही. तस्मात् वेस्टाचे टोकन टोपीवाल्याच्या नंतरचे. टोपीवाल्याने दुकान उघडले जानेवारी १८६४मध्ये — उद्घाटनाची जाहिरात वीस वर्षे माझ्याजवळ आहे.

निष्कर्ष : चिकामॉगानंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने पाडलेले टोकन अल्फियसच्या खिशात होते. मृताच्या खिशात ते पोचणे अशक्य. अर्थात तो जिवंत होता.

९ मार्च

दोनदा तपासले. युक्तिवादात फट नाही.

११ मार्च

तिला वाचून दाखवले. शेवटी —

"पळून गेला म्हणता?"

"त्या लढाईत मेला नव्हता, एवढेच म्हणतो."

"बायको पोटुशी होती त्याची. माझे वडील पोटात होते!"

तिने कॉफी संपवली, कप स्वतः विसळून ठेवला.

"अहवाल कधी देणार?"

"शुक्रवारी."

"बरं. मग शनिवारपासून कोर्टासमोरून नाही, मागच्या गल्लीनं जाईन."

१३ मार्च

अहवालाची स्वच्छ प्रत काढली. तिचा फोन नाही.

१५ मार्च

सकाळी आठच्या आत फोन. हसत होती!

"जज्जसाहेब, सगळ्यांची साक्ष काढलीत, आणून देणाऱ्याला तेवढं सोडलंत! जोनास टिल्बी. जेवायला म्हणून थांबला तो एकतीस वर्षं थांबला — आजीचा दुसरा नवरा! विधवेच्या दारात रिकाम्या हातानं कसा उभा राहील? स्वतःच्याच खिशातलं दिलं असणार मेल्यानं. लबाड कुठला!"

बरोबर आहे. टोकनावरून अल्फियसविषयी काहीच सिद्ध होत नाही. परंतु तो पडलेला पाहिला, असे सांगणाराही जोनासच, एकटा जोनास. टोकनाबाबत खोटे बोलणारा त्याबाबत तरी खरे बोलला कशावरून, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता; तो गिळला.

अहवाल फाडला. 'नाव राहू द्यावे' असे लिहून सही केली.