प्रोसेसर कोण खातंय?

सहा महिन्यांत एक पत्र नाही, आणि फोन केलास तो बापाला, तोही ‘प्रोसेसर बदला’ म्हणून सांगायला! आजी आहे की गेली, एवढं तरी विचारायचंस.

प्रिय टिटवे,

फोटोच्या दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा झाला, असं तुझा बाप चारचौघांत सांगत सुटलाय. म्हातारं झालं की बदलायचं, हे माझ्यासमोर बोलताना त्याची जीभ अडखळत नाही. दुरुस्तीवाला येऊन गेला. नुसता प्रोसेसर बदलून भागायचं नाही म्हणे, मदरबोर्डही नवा हवा. मी म्हटलं, सुई मोडली म्हणून कुणी अख्खं शिवणयंत्र बदलतं का? तो हसला. हसणाऱ्या दुरुस्तीवाल्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

मग मीच विणकाम घेऊन दुकानात पाळत ठेवली. फोटो उघडायला किती वेळ लागतो ते टाक्यांवर मोजलं. सकाळी बारा टाके, दुपारी त्याच फोटोला नव्वद! म्हातारं माणूस दिवसभर म्हातारं असतं, दोन ते चार एवढंच नाही. दुपारी दुकानात तुझी आई असते, गाणी लावून. मी तिच्यावर आळ घेतला. तिने गाणी बंद केली आणि माझ्याशी बोलणंही. तरी टाके नव्वदच.

शेवटी दुरुस्तीवाल्याला एकट्याला गाठलं. त्याने पडद्यावर एक रेघ दाखवली. प्रोसेसरला काम पडलं की ती चढते. फोटोंनी ती अर्ध्यावरही जात नाही. म्हणाला, आजी, आधी कोण खातंय ते बघा, मग बदलायचं ठरवा. माणूस हसरा असूनही खरा निघाला.

मंगळवारी तुझी आई बाहेर गेली होती. मी एकटीच. दोन वाजले आणि रेघ माथ्याला टेकली. माझा हात मांडीवर, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरतोय! मग जिना उमटला, बाजूला खिडकी, पायऱ्यांवर ऊन. अगं, आपल्या दुकानात माणसांची तोंडं येतात, जिने नाही. या घरात जिने काढणारी एकच, लहानपणी माझी भिंत खराब करणारी. गेल्या खेपेला अर्धा दिवस त्या कॉम्प्युटरपुढे बसून काय जोडत होतीस, ते तेव्हा कळलं: तुझ्या घरी बसून आमचा कॉम्प्युटर चालवायची सोय!

आता सरळ विचारते. घरांचे नकाशे काढायला ऑफिसने मोठा कॉम्प्युटर दिलाय, असं नाक वर करून सांगितलं होतंस. मग कामाच्या दिवशी भरदुपारी आमचं डबडं कशाला लागतं? चौथीत शाळा सुटली माझी, पण एवढं जुळवता येतं. नोकरी सोडलीस की त्यांनी काढलं? यासाठीच हे पत्र. मी कुणाला बोलले नाही. तुझ्या आईची मात्र माफी मागावी लागली, ते तुझ्या खाती. महिनाअखेरीला तुझा बाप नवा प्रोसेसर बसवणार. तोंडांना जुना पुरतो. तुझ्या जिन्यांसाठी हवा असेल, तर चांगला दणकट घ्यायला लावते. तोवर सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा वापर हवा तेवढा. फोनवर तू खोटं फार छान बोलतेस, कागदावर जमत नाही तुला. म्हणून बापाला फोन नाही, आईला मध्ये घालणं नाही. उत्तर तूच लिहायचं, आणि मलाच.

तुझीच,
अजून न बदललेली आजी