ब गटाचा इतिहास आणि मुदखेडची गाडी

४ जाने., रवि.
हॉकी लीगच्या सेक्रेटरीचा फोन. स्मरणिका काढतायत. अ गटाला बारा पानं, फोटोंसकट. ब गटाला दोन. "स्कोअरर तुम्हीच होता, तुम्हीच लिहा." हो म्हणून बसलो. तेव्हापासून घरभर फिरतोय. सुनंदा म्हणाली, "बसा की एका जागी. फरशी झिजंल." बायकोला काय सांगू, कोणत्या वहीपाशी अडणार ते आत्ताच ठाऊक आहे.

६ जाने.
जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या. सुरुवात बरी झाली. अ गटात ज्यांना कोणी घेईना त्यांनी ब गट काढला. नांदेडचे दोन संघ, मुदखेड, उमरी, नंतर लातूर. लातूरवाले एसटीने यायचे, टपावर स्टिका बांधून. उमरीचा गोली क्रिकेटचे पॅड लावायचा. पहिला आला की अ गटात चढायचं, एवढ्यासाठी जीव टाकायचे सगळे.
एक रिवाज मात्र कुठंच लिहिलेला नाही. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबायचं, मग समोरच्याला पुढे चाल. पण रेल्वेने येणाऱ्या संघासाठी गाडी येईपर्यंत थांबायचं. उमरीसाठी एकदा दीड तास बसलो होतो, भुईमुगाच्या शेंगा खात. कोणी कुरकुर केली नाही.
पाच वर्षं झपाझप लिहिली. सहावी वही उघडली नाही.

९ जाने.
उघडली. शेवटचा सामना. 'मुदखेड गैरहजर. नांदेडला पुढे चाल.' अक्षर माझं. किती सुबक!
त्या दिवशी जिंकले असते तर मुदखेड अ गटात होतं. मी मुदखेडचाच. दोन वर्षं त्यांच्याकडून खेळलो. सलीम कप्तान झाला आणि मला वगळलं. म्हणाला, "दिग्या, तुझ्यात पळायचा दम न्हाई, टेबलावर बस." बसलो.
सोळाव्या मिनिटाला वही मिटली. रिवाज मोडला, एकदाच. खुर्च्या उचलत होतो तेव्हा गाडीची शिट्टी ऐकू आली. मग ते फाटकातून पळत येताना दिसले, स्टिका हातात. सलीम सगळ्यात पुढं.
पुढच्या वर्षी मुदखेडचा संघच नव्हता.

११ जाने., रवि.
आज नेमका सलीमचा फोन. कुठून कळलं कोण जाणे. "हिस्ट्री लिहून राहिला म्हणे? आमचं बी नाव टाक दोन ओळीत." मग म्हणाला, "अन् हे बी लिही, सलीममुळं गेलं. गोलीसाठी म्या पोरांना थांबवलं, आधीची गाडी हुकली. पोरं लई दिवस बोलत न्हवती माझ्याशी."
मी म्हणालो, रेंज नाही. फोन कापला. चांगली रेंज होती.

१४ जाने.
संक्रांत. तिळगुळाचं निमित्त करून मुदखेडला जाऊन आलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. सलीमचं सायकलींचं दुकान आहे तसंच, गुडघे तेवढे गेले त्याचे. स्टिक भिंतीला टांगलेली. चहा पाजला. म्हणाला, "तू तरी काय करशील, रूल म्हंजी रूल."
तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणालो आणि परत आलो. लाज वाटते स्वतःची.

१७ जाने.
सेक्रेटरी घाई करतोय. "सगळं कशाला लिहिता? ब गटाचं कोण वाचतंय?" बरोबर आहे. विजेत्यांची यादी देऊन मोकळं व्हावं.
यादी केली. फाडली. सुनंदावर भाजीत मीठ जास्त म्हणून ओरडलो, ताट आपटलं. मीठ ठीक होतं. मग तिला सगळं सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. ती भाजी निवडत ऐकत होती.
"एवढ्या वर्षांत लिहिलं न्हाई, सांगितलं न्हाई. वर भांडी आपटायलेत माझ्या घरातली."

२० जाने.
लिहिलं. 'त्या दिवशी स्कोअररने गाडीची वाट पाहिली नाही.' सुनंदा म्हणाली, "हा स्कोअरर कोण? नाव न्हाई का त्याला?"
नाव घातलं. कारणही घातलं. दोन पानांतल्या सात ओळी त्याच झाल्या. सेक्रेटरी कापेल कदाचित.

२३ जाने.
छापायला उद्या द्यायचं. सलीमने ते थेट छापील वाचावं, हे काही पटेना. काल त्याला फोन केला, काहीतरी वाचून दाखवायचंय, येतो. स्टेशनवरच भेटू म्हणाला.
गाडीत बसून लिहितोय, अक्षर हलतंय. मुदखेडच्या अलीकडे गाडी उभी आहे, पाऊण तास झाला. माल्टेकडी स्टेशन सोडल्यापासून रखडतच चाललीय. कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा खिशातच राहू दिला. त्याचे गुडघे असे, तो बाकड्यावर ताटकळत. म्हटलं घरी जा म्हणावं, पुन्हा कधीतरी येईन. सुटकाच होती ती माझी.
फोन लावला. गाडी लेट आहे म्हणालो.
"येऊ दे निवांत. म्या थांबून राहिलो."
सिग्नल अजून लाल.