बाबांच्या उजव्या हाताचा फोटो

ती. बाबा,
इथूनच वाकून नमस्कार करते.

मी बरी आहे. जेवणखाण वेळेवर होतं. शेजारीण भिंतीपलीकडे घोरते, तेवढीच सोबत. आईचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढउतार करू नकोस म्हणावं.

तुम्ही विचारलंत, "हाताच्या खुणांवर चालणारं तुमचं यंत्र माझा हात ओळखेल का?" दोन पत्रं मी उत्तर टाळलं. कॅमेऱ्याला हात ओळखायला शिकवण्यासाठी दिवसभर मी फोटो तपासते. मूठ, पंजा, वर केलेलं बोट. हाताला पाच बोटं नसली, की बटण दाबून तो फोटो बाद करायचा, असा नियम आहे. साहेबांशी भांडून पाहिलं. "असे हात असून असणार किती?" म्हणाले.

तरी परवा तुमचा फोटो यंत्राला दाखवलाच. करवतीनं दोन बोटं नेलेला हात हलवून तुम्ही मला निरोप देताय, तो. यंत्रानं लिहिलं, 'हात नाही'.

आणि बाबा, सवयीनं माझं बोट बटणावर गेलं. मीच तो बाद केला.

आईला हे वाचून दाखवू नका. ओळखतं म्हणून सांगा.

तुमची,
धाकटी