अक्काचे मोकळे हात

मंगळवार, दिवेलागण

अक्का येऊन गेली. आम्ही जुळ्या, हुबेहूब. एकीचं रक्त तपासलं की दोघींचं कळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आईचा हात हलण्याचा आजार आपल्यात उतरलाय का, हे तिला हवं होतं, मला नको होतं. रिपोर्ट काहीही येऊ दे, मला सांगायचं नाही, असा शब्द मी घेतला होता.

तिनं सांगितलं नाही. बावड्याच्या उसाचं, म्हशीचं बोलत बसली. पण हातात काचेची एक बांगडी नव्हती. भाऊजी चांगले धडधाकट असताना.

"बांगड्या कुठं हायत गं?"

"वाढवल्या सगळ्या. भांडी घासताना पिचत्यात," म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

आईचं तिथूनच सुरू झालं होतं. ती स्वस्थ बसली तरी बांगड्या वाजायच्या. अक्काला तेच ऐकायचं नसणार.

शब्द पाळला तिनं. पण तिच्या रक्तात मीही होते की. सुई टोचताना मला कुणी विचारलं?

मघापासून किणकिण येतेय. लिहितेय म्हणून असेल. पेन ठेवलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ऐकत बसले.

वाजत होतं.